गिअर स्लिप मारतोय



कवीला रेडिओवर बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. आज मी एका गिअरबॉक्सविषयी बोलणार आहे. माझी पहिली कविता छापून येण्याआधी मी सहा वर्षं ड्रायव्हर होतो. बी.ए. झालेला ड्रायव्हर. आमच्या दापोली-मंडणगडकडच्या मोहल्ल्यांत जवळपास प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आखातात असायचं. १९९३ मध्ये मीही कुवेतला गेलो. दुकानांना भाजी आणि किराणा पोचवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे नोकरी लागली आणि हाती आली १९८५ सालची एक अमेरिकन पिकअप.

गाडी ऑटोमॅटिक. क्लचचं पेडलच नाही. पहिले चार दिवस माझा डावा पाय रिकाम्या जागी क्लच शोधत राहिला. एकदा तर तो असा काही ब्रेकवर पडला, की मागच्या टोमॅटोच्या पेट्या केबिनवर येऊन आदळल्या.

क्लचचं पेडल नाही, मग गिअर बदलतात कसे? टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असाच एक डबा असतो, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. पुढे गिअरबॉक्सच्या पोटात पातळ क्लचप्लेटांच्या चळती असतात, त्यांना कागदासारखं अस्तर असतं. तेलाचा दाब एक चळत आवळतो, दुसरी सोडतो आणि गिअर बदलतो. सगळा कारभार तेलावर. मोठ्या संख्येने बनलेला असा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, 'हायड्रा-मॅटिक', अमेरिकेत १९३९ मध्ये ओल्डस्मोबिलच्या नव्या मॉडेलबरोबर आला.

हे तेलही मोठं चमत्कारिक. गिअरच्या दात्यांसाठी ते निसरडं हवं आणि क्लचप्लेटांना मात्र त्यातच बुडून पकड मिळायला हवी. हे दोन्ही साधण्यासाठी एकेकाळी त्यात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल घालत. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि कारखान्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली.

तर आमची पिकअप. १९९५ च्या एप्रिलमध्ये एका गॅरेजात तिचा कार्बोरेटर काढून साफ केला. पुढच्याच आठवड्यात, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम ओरडलं. गाडी मात्र होती त्याच वेगाने चालत राहिली. क्षणभरच. मग एक धक्का बसला आणि गिअर पडला. आपल्याकडचे मेकॅनिक याला 'स्लिप मारतोय' म्हणतात. इंजिन जोर लावतं, पण तो चाकापर्यंत पोचत नाही.

मी कुणाला बोललो नाही. मालकाचा नियम होता, ज्याच्या हातून मोडेल त्याच्या पगारातून कापलं जाईल. पगार ९० दिनार. त्यातले ६० घरी जात. एका दिनारचे तेव्हा शंभराच्या वर रुपये होत आणि बहिणीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. मी गाडीची मनधरणी करायला शिकलो. गिअर पडायच्या वेळी पाय हलकेच उचलायचा, चढावर तिला घाई करायची नाही. खोलीतल्या एका मित्राने कसल्याशा औषधाची बाटली आणून दिली, तीही तेलात ओतली. आठ दिवस बरं वाटलं, मग पूर्वीपेक्षा वाईट. अशा बाटल्यांनी रबराची सुकलेली सीलं थोडी फुगतात, गळती कमी होते. जळलेलं अस्तर काही परत येत नाही.

संध्याकाळच्या पाळीला तीच गाडी एक दुसरा मुलगा चालवायचा. आंध्रातल्या कडप्याकडचा, बावीस वर्षांचा, कुवेतला येऊन चार महिने झालेले. जुलैतल्या एका संध्याकाळी, कलिंगडं भरलेली असताना, फहाहीलच्या रस्त्यावर गाडी थांबली. इंजिन गर्जत होतं आणि चाकं जागची हलत नव्हती. ती ओढून आणली तेव्हा मालक सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "तू गाडी मारलीस." मुलगा शपथा घेत होता. मी तिथेच कांद्याची पोती मोजत उभा होतो. मी मोजतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी गाडीबरोबर मलाच शुवैखला पाठवलं. शुवैख हा कुवेतमधला गॅरेजांचा भाग. तिथले उस्ताद पेशावरकडचे, साठीचे. ते उर्दूत बोलले, मी मराठीत सांगतो. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारले. कधीपासून होतंय? सगळ्या गिअरमध्ये होतंय की एकाच? आणि त्याच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं? पहिल्या प्रश्नाला मी म्हणालो, "माहीत नाही."

त्यांनी तेलाची पट्टी ओढून हुंगली आणि माझ्या नाकाखाली धरली. तेल लालभडक असायला हवं होतं. ते कॉफीसारखं झालं होतं आणि करपल्याचा वास येत होता. मग त्यांनी गिअरबॉक्सचं चेंबर, म्हणजे खालचा तेलाचा ट्रे, उतरवला. तळाला थोडा करडा गाळ असतोच, ते वयाचं लक्षण. आमच्या ट्रेत काळ्या खपल्या होत्या. ते क्लचप्लेटांचं अस्तर.

नंतर उस्ताद कार्बोरेटरपाशी वाकले आणि एक बारीक केबल बोटाने उचलली. ती सैल लोंबत होती. "पाय किती दाबलाय ते ही केबल गिअरबॉक्सला सांगते. पाय जास्त, तर तेलाचा दाब जास्त. कार्बोरेटर परत बसवताना ही कुणी नीट लावलीच नाही. माल भरलेला असताना दाब कमी पडला, प्लेटा घसरल्या, घसरून जळल्या." मग म्हणाले, "पहिल्या आठवड्यात आणली असतीत तर दोन मिनिटांचं काम होतं. एका चहावर करून दिलं असतं."

हात पुसता पुसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे एका संध्याकाळीत जळलेलं नाही. दोन-तीन महिने कुणीतरी हिचं ओरडणं ऐकत होतं."

गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागला. नव्या प्लेटा, नवी सीलं, मधला तेलाचा डबा बदलला, तेल थंड करणाऱ्या नळ्या धुतल्या. नळ्यांत जुना कचरा राहिला तर तो नव्या प्लेटाही खातो. खर्च १६० दिनार. मालकाने तो त्या मुलाच्या नावावर लिहिला.

दोन रात्री मी त्याच खोलीत, त्याच्या खालच्या बंकवर झोपलो, म्हणजे पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी मालकाकडे गेलो आणि एप्रिलपासूनचं सगळं सांगितलं. त्याने गल्ला मोजणं थांबवलं नाही. दरमहा २० दिनार, आठ महिने, एवढंच म्हणाला. मुलाचं नाव खोडलं. बहिणीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. वडिलांनी पत्रातून कारण विचारलं, तेव्हा मी लिहिलं, गाडी बिघडली. पुरतं खरं तेव्हाही लिहवलं नाही. तो मुलगा महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. त्याला दोष कसा देणार?

मंडळी, आता आपल्याकडेही ऑटोमॅटिक गाड्या पुष्कळ दिसतात. त्यांतल्या बऱ्याचशा 'एएमटी' असतात. त्यांच्यात साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायचं काम यंत्र करतं, त्यामुळे त्यांचं दुखणं निराळं. पण तेलाच्या दाबावर चालणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी कुणाकडे असेल, तर उस्तादांकडून शिकलेलं सांगून ठेवतो.

इंजिन ओरडलं आणि वेग वाढला नाही, तर त्याच दिवशी तेल पाहा. बहुतेक जुन्या अमेरिकन गाड्यांत ते सपाट जागेवर, इंजिन गरम आणि चालू ठेवून, गिअर पार्कमध्ये टाकून पाहतात. तुमच्या गाडीची रीत तिच्या पुस्तकात असते. हे तेल जळून संपत नाही. ते कमी असेल तर कुठून तरी गळतंय, ती जागा शोधा. भरपूर ओतूनही चालत नाही, फेस होतो आणि दाब आणखी उतरतो. सगळ्याच गिअरमध्ये स्लिप असेल तर तेल, फिल्टर, पंप पाहा. एकाच गिअरमध्ये असेल तर त्याच गिअरच्या प्लेटा किंवा पट्टा. दुखणं कळेपर्यंत माल भरू नका, दुसरी गाडी मागे बांधू नका. उष्णता हा या तेलाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे आणि घसरणाऱ्या प्लेटा तीच वाढवतात. तेल करपलं असेल तर नुसतं नवं भरून अस्तर परत येत नाही. मग आठवड्याने प्लेटा गेल्या की लोक नव्या तेलाला नावं ठेवतात. अशा वेळी उघडण्याचा खर्च आणि गाडीची किंमत समोरासमोर मांडून ठरवावं. आणि विकायचीच झाली, तर घेणाऱ्याला सांगून विकावी.

या सगळ्याच्या आधी मात्र मालकाला, भागीदाराला, घरच्यांना, त्याच दिवशी सांगा. पहिल्या आठवड्यात माझ्या गाडीचा इलाज एका चहाचा होता. पुढचे १६० दिनार गाडीने नाही, मी वाढवले. आणि ते भरायची पाळी जवळजवळ दुसऱ्याच कुणावर आली होती.

माझ्या मुलाने अलीकडे ऑटोमॅटिक गाडी घेतली. मी शेजारी बसलो की गिअर बदलताना माझा हात आपोआप त्याच्या रेडिओकडे जातो आणि आवाज कमी करतो. तो हसतो. तुम्ही गाडीत बसून हे भाषण ऐकत असाल तर रेडिओ बंद करा, असं मी कसा म्हणेन? थोडा हळू लावा, म्हणजे झालं.

नमस्कार.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)