खिचडीच्या पातेल्यातील गणित

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



घोड आणि भीमा या नद्यांच्या काठच्या दोन तालुक्यांतील आपण मंडळी आज एका लहानशा प्रश्नाचा विचार करण्यासाठी येथे जमलो आहोत. प्रश्न लहान एवढ्याचसाठी की तो पहिली ते चौथीच्या मुलांचा आहे. त्याचे परिणाम मात्र लहान नाहीत. अंकांची बेरीज-वजाबाकी बिनचूक करणारे मूल शाब्दिक उदाहरण पुढे आले की का अडखळते, हा तो प्रश्न होय.

एका वाडीवरील शाळेत दुसरीच्या वर्गाला मी एक उदाहरण घातले होते. दुरडीत काही भाकरी होत्या, आईने २ वाढल्या, ३ उरल्या, तर आधी भाकरी किती होत्या? बहुतेक पाट्यांवर ३ वजा २ बरोबर १ असे उत्तर आले. मग मुलांच्याच डब्यांतील भाकरी एका दुरडीत ठेवल्या, वर फडके झाकले आणि एका मुलीला त्यांतील दोन वाढावयास सांगितले. फडके काढून तिने उरलेल्या मोजल्या आणि लगेच म्हणाली, "दोन वाढल्या, तीन हायेत, म्हंजी पाच व्हत्या की गुरुजी!" पाटीवर एक आणि तोंडी पाच. एकाच मुलीची एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरे होती.

खुणेचे शब्द आणि खरा प्रसंग

असे का घडते? 'उरले' हा शब्द दिसला की वजाबाकी आणि 'एकूण' दिसला की बेरीज, अशा खुणा आपणच मुलांना शिकविलेल्या असतात. त्यामुळे मूल उदाहरण वाचत नाही, त्यातील खुणेचा शब्द शोधते. शब्दांमागे काही घडले आहे, कोणी वाढले आहे, कोणी खाल्ले आहे, हे त्याच्या मनापुढे उभेच राहत नाही. जेवणाचा प्रसंग मात्र प्रत्येक मुलाने रोज पाहिलेला असतो. वाढणे, वाटणे, उरणे, कमी पडणे, पुन्हा मागणे या क्रिया त्याला शिकवाव्या लागत नाहीत. म्हणून शाब्दिक उदाहरणांची सुरुवात अन्नापासून करावी, असे माझे म्हणणे आहे.

ही कल्पना नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एक वाटसरू वाण्याकडून दोन भाग तांदूळ व एक भाग मूग विकत मागतो. भाव ठरलेले आहेत, हाती फक्त १३ काकिणी आहेत आणि सोबतचा तांडा पुढे निघून जाण्याची घाई आहे. ६४ काकिणींचा एक द्रम्म या हिशेबाने तांदूळ ७/१२ माप आणि मूग ७/२४ माप असे उत्तर येते. हे सामान आपल्या खिचडीचेच नव्हे काय? चाळीसगावजवळील पाटण येथे ज्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्या आचार्यांना गणित शिकविताना भुकेल्या प्रवाशाची आठवण व्हावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

बाजारातील हुशारी आणि शाळेतील पाटी

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. अन्नाचे नाव घेतले की काम झाले, असे मात्र नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवहारात जवळजवळ कधीच न चुकणारी ही मुले तेच हिशेब कागदावर निव्वळ अंकांत मांडून दिल्यावर निम्म्याहून अधिक वेळा चुकली. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी असेच आढळले. आणि उलटपक्षी, केवळ शाळेत शिकणारी मुले बाजारातील हिशेबात मागे पडली. याचा अर्थ असा की व्यवहारातील गणित आपोआप पाटीवर उतरत नाही आणि पाटीवरील गणित आपोआप व्यवहारात जात नाही. या दोहोंमधील पूल शिक्षकालाच बांधावा लागतो.

त्या पुलाच्या चार पायऱ्या मला दिसतात. प्रथम कृती: मुलांनी प्रत्यक्ष वाढावे, वाटावे, मोजावे. नंतर कथन: काय घडले ते मुलाने स्वतःच्या बोलीत सांगावे, 'हायेत' म्हटले तरी चालेल, त्या क्षणी भाषा सुधारू नये. त्यानंतर चित्र: भाकरीसाठी गोल, लाडवासाठी ठिपका. आणि सर्वांत शेवटी अंक व चिन्हे. आपण बहुधा चौथ्या पायरीपासून आरंभ करतो आणि मूल चढत नाही म्हणून त्याला दोष देतो. चारही पायऱ्या झाल्यावर मुलांकडूनच नवी उदाहरणे रचून घ्यावीत. ज्याला उदाहरण रचता येते, त्याला ते उमगले असे समजावे.

एकाच अंकांच्या निरनिराळ्या गोष्टी

प्रसंगातून शिकविले की क्रियांचे बारकावेही उलगडतात. १२ लाडू ४ मुलांना सारखे वाटले तर प्रत्येकाला ३ लाडू येतात. १२ लाडवांच्या चार-चारांच्या पुड्या बांधल्या तर ३ पुड्या होतात. पाटीवर दोन्हीकडे १२ भागिले ४ बरोबर ३. परंतु एके ठिकाणी ३ हे लाडू आहेत आणि दुसरीकडे ३ या पुड्या आहेत. हा भेद हातांनी वाटल्यावर जितका स्पष्ट होतो, तितका व्याख्येने होत नाही.

बाकीचेही तसेच. एका पंगतीत ८ मुले बसतात, मुले २६ आहेत, तर पंगती किती? भागाकार सांगतो ३ आणि बाकी २. परंतु त्या दोन मुलांना उपाशी ठेवता येत नाही, म्हणून पंगती ४, हे पहिलीतील मूलही सांगेल. याउलट ४ मुलांत ९ भाकरी वाटताना उरलेली एक भाकरी चौघांत मोडता येते आणि प्रत्येकी सव्वादोन होतात. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या घराघरांत तांदूळ, तेल आणि गूळ मोजताना रोज वापरले जातात. दौंडकडील गुऱ्हाळाजवळ वाढलेल्या मुलाला १० किलोच्या ढेपेचा पाव हिस्सा किती, हे विचारून पाहावे; अपूर्णांकांचा धडा तेथूनच सुरू होतो.

शाळेतील पातेले

याकरिता निराळ्या साहित्याची खरेदी करावी लागत नाही. शाळेतील मुलांच्या पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखली जाते. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्राम धान्य, २० ग्राम डाळ, ५० ग्राम भाजी आणि ५ ग्राम तेल असे तिचे प्रमाण आहे. समजा पटावर ६४ मुले आहेत आणि आज ७ गैरहजर आहेत. तर हजर ५७. तांदूळ ५ किलो ७०० ग्राम, डाळ १ किलो १४० ग्राम, भाजी २ किलो ८५० ग्राम आणि तेल २८५ ग्राम. तिसरी-चौथीच्या मुलांनी हा हिशेब रोज सकाळी फळ्यावर मांडावा. पहिली-दुसरीच्या मुलांनी ताटे, वाट्या आणि पंगती मोजाव्यात. येथे उत्तर चुकले तर ताटात कमी पडेल, ही जाणीव कोणत्याही शेऱ्यापेक्षा प्रभावी ठरते.

काही पथ्ये

मात्र काही पथ्ये अवश्य पाळावीत. पहिले असे की, अन्न हे खेळणे नव्हे. जे मोजले ते खाल्ले जावे. दुसरे, सकाळी उपाशी आलेल्या मुलापुढे पेढे-जिलेब्यांची उदाहरणे मांडू नयेत आणि "तुझ्या घरी काल किती पोळ्या झाल्या?" असा प्रश्न चारचौघांत विचारू नये. तिसरे, उदाहरणातील ताट सर्वांच्या ओळखीचे असावे. ऊसतोडणीच्या हंगामात बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या कुटुंबांची मुले आपल्या वर्गांत काही महिने बसतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे परप्रांतांतून आलेली, घरी निराळी भाषा बोलणारी मुलेही असतात. त्यांच्यासाठी शाब्दिक उदाहरण म्हणजे दुहेरी ओझे, आधी भाषेचे आणि मग गणिताचे. अशा मुलासमोर दुरडी ठेवली, तर निदान पहिले ओझे हलके होते.

पंचायत सदस्यांना विनंती

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचन व मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते केवळ शिक्षकांच्या श्रमांनी साध्य होणार नाही. ग्रामपंचायतीने प्रत्येक शाळेला एक चांगला तराजू, वजने आणि लिटरची मापे द्यावीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी महिन्यातून एकदा मुलांनी मांडलेला आहाराचा हिशेब मुलांच्याच तोंडून ऐकावा. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना अधूनमधून वर्गात बोलवावे. अंदाजाचे त्यांचे ज्ञान पुस्तकात सापडत नाही.

मित्रहो, आज खिचडीचा हिशेब न समजलेले मूल उद्या शेतकरी होईल. उसाच्या वजनाची पावती, कांद्याची पट्टी, बँकेच्या कर्जाचे व्याज आणि शिधापत्रिकेवरील धान्य ही सारी शाब्दिक उदाहरणेच आहेत. फरक एवढाच की तेथे चूक झाल्यास गुण जात नाहीत, पैसे जातात. ज्या मुलाने शंभर ग्रामांना सत्तावन्नांनी गुणून समोरच्या पातेल्याशी ताडून पाहिले आहे, ते मूल पुढे काट्यासमोर उभे राहून "हे वजन कसे आले?" असे विचारू शकेल. तो प्रश्न विचारण्याचे बळ आपल्या शाळांतून मुलांना मिळावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.