बक्कल : धरणारे आणि सोडणारे

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बक्कल’ हा विषय वाचून दोघा-तिघांनी मला वाटेत थांबवले. एकाने विचारले, पोलिसांच्या बक्कल नंबरावर बोलणार का? दुसऱ्याला वाटले, छपाईची चूक आहे. चूक नाही. कपड्याचा पट्टा अडकवायचे साधे बक्कल, हाच आजचा विषय. वीस-बावीस वर्षे वॅगनच्या दुरुस्तीत काढलेल्या डिप्लोमावाल्याला हा विषय का सुचला, ते पुढे ओघाने येईलच.

आधी आपल्या बाप्पाकडेच पाहू. आरतीत आपण त्याच्या नागबंधाचा रोज उल्लेख करतो. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. भरपूर मोदक खाऊन बाप्पा निघाले, उंदीर बिचकला, बाप्पा पडले, आणि त्यांनी नागाचाच पट्टा करून पोटाला बांधला. वर चंद्र हसला, त्याचे त्याला फळ मिळाले. इंजिनिअरच्या नजरेने पाहिले तर हा उत्तम पट्टा आहे. रुंद आहे, मऊ आहे, पोट कमी-जास्त झाले तर आपोआप सैल-घट्ट होतो आणि त्याला भोके पाडावी लागत नाहीत. माणसाने बनवलेल्या पट्ट्यांत हे चारही गुण एकत्र क्वचितच सापडतात.

आपल्या जुन्या वेषात धातूचे बक्कल फारसे नव्हते. बंद होते. बाराबंदीला तर नावच बंदांवरून पडले. बंद स्वस्त, धुवायला सोपा, तुटला तर घरी शिवता येतो. अडचण एकच. गाठ मारायला दोन हात लागतात आणि दोन्ही हातांची बोटे चांगली चालावी लागतात.

पाश्चात्त्यांनीही या प्रश्नावर पुष्कळ डोके चालवले आहे. मार्क ट्वेन हे नाव आपण विनोदी लेखक म्हणून ओळखतो. त्याचे खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. त्याने अमेरिकेत तीन पेटंटे घेतली, आणि त्यांतले पहिले १९ डिसेंबर १८७१ चे, कपड्यांच्या पट्ट्याचे! क्रमांक १,२१,९९२. बंडी, विजार वगैरे कपडे कमरेशी आवळण्यासाठी एक लवचीक पट्टा, जो कमी-जास्त करता येईल आणि एका कपड्यावरून काढून दुसऱ्याला लावता येईल, अशी ती कल्पना. बंडी-विजारीसाठी ती काही फार चालली नाही. पण स्त्रियांच्या अंतर्वस्त्राला मागे जो लवचीक, हुकांचा पट्टा असतो, तो याच कल्पनेच्या जातीचा. त्याला पैसा मिळवून दिला तो दुसऱ्या पेटंटाने, १८७३ च्या कात्रणवहीने, जिच्या पानांना आधीच गोंद लावलेला असे.

त्याच १८७३ साली अमेरिकेत एली जेनी याने रेल्वेच्या डब्यांना जोडणाऱ्या कपलरचे पेटंट घेतले. आमच्या मालगाड्यांना आणि एलएचबी डब्यांना जो सेंटर बफर कपलर असतो, त्याचा हा पूर्वज. त्याआधी डबे जोडायला माणसाला दोन डब्यांच्या मधे उभे राहावे लागे. कित्येकांचे हात गेले, कित्येकांचे प्राण गेले. जेनीचा कपलर दोन डबे एकमेकांना टेकताच आपोआप अडकतो आणि सोडायचा तर बाजूला उभे राहून दांड्याने सोडता येतो. १८९३ साली अमेरिकेने कायदा करून असे आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे केले. मला यात लोखंडापेक्षा विचार मोठा वाटतो. जोड किती वजन ओढतो एवढेच पाहून भागत नाही. तो जोडणाऱ्या माणसाला कुठे उभे राहावे लागते, तेही पाहावे लागते.

तेव्हा कोणत्याही बक्कलाला मी तीन प्रश्न विचारतो. धरायचे तेव्हा धरते का? सोडायचे तेव्हा सोडते का? आणि ज्याने लावायचे, त्याला ते लावता येते का?

पहिला प्रश्न धरण्याचा. कमरेच्या चामडी पट्ट्याचे काट्याचे बक्कल भोकात काटा घालून धरते. खात्रीचे आहे, पण भोकाच्या अंतराएवढाच फरक करता येतो. जेवणाआधीचे भोक आणि जेवणानंतरचे भोक यांच्या मधे काही नाही. शाळेच्या दप्तराच्या बंदाला जे शिडीसारखे प्लॅस्टिकचे बक्कल असते, ते घर्षणावर चालते. विहिरीवर दोर खुंट्याला दोन-तीन वेढे देऊन धरला की मोठे वजनही एका हाताने पेलते, हे खेड्यातल्या कोणालाही माहीत असते. हिशेब असा : घर्षणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याला एका बाजूचा ताण दुसरीच्या सुमारे अडीच पट पेलतो, पूर्ण वेढ्याला साडेसहा पट, आणि दीड वेढ्याला जवळजवळ सतरा पट. शिडीच्या बक्कलात पट्टा दोन-तीन दांड्यांवरून वळसे घेतो तो याचसाठी. हेल्मेटच्या पट्ट्याला दोन कड्या असतात. त्यातून पट्टा उलटा आणला की तो स्वतःच्याच ताणाने स्वतःला दाबतो. जितका ओढाल तितका घट्ट.

दुसरा प्रश्न सोडण्याचा, आणि इथे एकच उत्तर चालत नाही. उंचीवर काम करणाऱ्याच्या सेफ्टी बेल्टचे बक्कल चुकूनही सुटता कामा नये. म्हणून चांगल्या बेल्टला सोडताना दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागतात. उलट ओळखपत्राची गळ्यातली फीत झटका बसताच सुटलीच पाहिजे. लेथ किंवा ड्रिलिंग मशीनजवळ न तुटणारी फीत म्हणजे गळफास. म्हणून मानेमागे झटक्याने सुटणारी क्लिप असलेल्या फिती निघाल्या आहेत. आपल्या शॉपमधल्या तरुण मंडळींनी आपली फीत आज घरी जाऊन जरूर पाहावी.

आता तिसरा प्रश्न, लावणाऱ्याचा. माझ्या आईच्या डाव्या हाताची ताकद अर्धांगवायूच्या झटक्यानंतर गेली. चालणे-बोलणे पूर्ववत झाले, पण परकराची नाडी बांधणे तिला जमेना. इथल्या बाजारात नाडी मागितली तर दुकानदार वैद्याचा पत्ता देतो, नाडा म्हणावे लागते. पण नाडी म्हणा, नाडा म्हणा, एका हाताने तिची गाठ बसत नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की आई न्हाणीघराच्या दारामागून सुनेला हाक मारायची. सून आनंदाने जायची. पण आयुष्यभर चार माणसांचे स्वतः केलेल्या बाईला त्या हाकेचे किती जड वाटत होते, ते तिच्या आवाजात कळायचे.

याच काळात वाचनात आलेली दुसरी एक गोष्ट सांगतो. २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एक ७० वर्षांची, दुसरी साठी उलटलेली. एकीची नऊवारीखालच्या परकराची नाडी, दुसरीचे कमरेला आवळून नेसलेले लुगडे. वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधल्याने कमरेला जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी तिथे कातडीचा कर्करोग निघाला. घाबरवण्यासाठी सांगत नाही. हे क्वचित घडते. पण नाडीचा काळा वळ आपल्या घरातल्या कितीतरी आया-मावश्यांच्या कमरेवर असतो, आणि ‘ते तसेच असते’ म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही.

याचे गणित सोपे आहे. कमरेचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या पावणेतेरा. नाडीतला ताण २ किलो धरू. नाडी अर्धा सेंटिमीटर रुंद असेल तर कातडीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३१५ ग्रॅम. तोच ताण ४ सेंटिमीटर रुंद पट्ट्यावर पसरला तर ४० ग्रॅम. अंथरुणावरच्या जखमांच्या बाबतीत डॉक्टर पाऱ्याचे ३२ मिलिमीटर हा आकडा सांगतात. त्यापुढे बारीक रक्तवाहिन्यांतले रक्त अडू लागते. ते होतात सुमारे ४४ ग्रॅम. म्हणजे नाडी या रेषेच्या कितीतरी वर आणि रुंद पट्टा जेमतेम खाली. शिवाय जिथे शरीराचा वळसा लहान, म्हणजे कमरेच्या हाडाजवळ, तिथे त्याच ताणाचा दाब आणखी वाढतो.

तेव्हा आईच्या परकराला हवे होते ते असे : पट्टा रुंद, लावणे एका हाताने, सपाट, म्हणजे वर निऱ्या खोचल्यावर टोचणार नाही, आणि साडीच्या वजनाने सुटणार नाही.

बाजारात मिळणारे तीन प्रकार आईसमोर ठेवले. बॅगेचे दोन्ही बाजूंनी दाबून सोडायचे बक्कल : लावताना एक अर्धा भाग दुसऱ्या हाताने धरावा लागतो, आणि ते जाडही असते. पँटचा चपटा हुक : सपाट, पण जागा ठरलेली, आणि दोन्ही टोके ओढून जुळवावी लागतात. नुसते इलॅस्टिक : सोपे, पण साडी खोचली की खाली ओढले जाते, आणि ओढू नये म्हणून घट्ट घेतले की पुन्हा वळ उठतो.

शेवटी आमच्या शिंप्याला बरोबर घेऊन जे केले ते असे. परकराला नेफ्याऐवजी ४ सेंटिमीटर रुंदीची, आत कॅनव्हास घातलेली सुती पट्टी लावली. उघडायची फट उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या पुढे घेतली. फटीच्या पुढच्या कडेला स्टेनलेस स्टीलची चपटी चौकोनी कडी शिवली, म्हणजे गंजाचा डाग पडायचा नाही. मागच्या कडेला २५ सेंटिमीटरचा पट्टा. हा पट्टा पुढे येऊन कडीतून जातो, वळून मागे येतो आणि वेल्क्रोने कमरपट्टीवर चिकटतो. वेल्क्रोचा खरखरीत भाग पट्ट्याच्या टोकाला फक्त ६ सेंटिमीटर, आतल्या अंगाने, म्हणजे चिकटल्यावर तो झाकला जातो आणि साडीचे धागे ओढत नाही.

यातली मुख्य गोष्ट पट्ट्याच्या टोकाला आहे. तिथे अंगठा अडकेल एवढा जाड फासा शिवला आहे. तो कडीतून मागे येत नाही. म्हणजे पट्टा कडीत कायमचा ओवलेला राहतो. एका हाताला अवघड असते ते ओवणेच, ते काम शिंप्यानेच एकदा करून टाकले. सैल केले की वीस सेंटिमीटरची वाट मिळते, परकर पायातून वर येतो. मग उजव्या हाताचा अंगठा फाशात घालायचा, मागे ओढायचे आणि हात दाबायचा. संपले.

सुटणार नाही का? कडीतून पट्टा दुहेरी जातो, म्हणून कमरेचा ताण दोन पदरांत वाटला जातो आणि वेल्क्रोवर निम्माच येतो. कडीवरच्या घर्षणाने तोही थोडा कमी होतो. स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून पाहिले, दहा किलोला पट्टा सरकला नाही. आईला काटा दाखवला. तिने काट्याकडे पाहिलेही नाही. म्हणाली, “हळदीकुंकवात सुटणार नाही ना रे?” मी म्हटले, नाही सुटणार. तेव्हापासून सकाळची ती हाक बंद झाली. साडीच्या निऱ्या अजून माझी पत्नीच घालून देते, कारण त्यांना एक हात पुरत नाही. पण त्या निऱ्या आता न्हाणीघराच्या दारात नाही, बाहेरच्या खोलीत आरशासमोर घातल्या जातात, आणि दोघींच्या गप्पाही तिथेच होतात.

दोन सूचना. धुताना वेल्क्रो चिकटवून धुवावे, नाहीतर त्यात पिसे आणि धागे भरतात आणि पकड जाते. भरलेच तर जुन्या दातांच्या ब्रशने विंचरून काढावेत. आणि ज्यांना दोन्ही हात ठीक आहेत, त्यांनीही नाडीच्या जागी रुंद पट्टी घेतली तर बिघडत काही नाही. निदान गाठ सैल ठेवावी, बांधायची जागा अधूनमधून वर-खाली करावी. वळावर खाज, चीर किंवा बरी न होणारी जखम असेल तर हळद लावून वाट पाहू नये, डॉक्टरांना दाखवावे. सांगायला संकोच वाटतो, म्हणूनच मी आज हे माईकवरून सांगतो आहे.

परकराचा एक नमुना मी बरोबर आणला आहे. तो महिला मंडळाच्या टेबलावर ठेवतो. त्याचे माप घ्या, शिवून पाहा. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे, त्यांना अंगठ्याचा फासाही कदाचित जमणार नाही. त्यांच्यासाठी काय करता येईल, हे शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी मला सांगावे. शॉपमधले आम्ही लोक कडी वाकवून देऊ.

एवढे बोलून मी थांबतो. गणपती बाप्पा मोरया!