लहान शेतीव्यवसायाचा जमाखर्च आणि संगणकीय आज्ञावलीची निवड

शेतकरी हिशेब ठेवीत नाही, असा एक जुना समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. हिशेब नेहमीच ठेवला जात असे. मात्र तो शेतकऱ्याच्या घरात नसे. सावकाराच्या बहीत त्याचे कर्ज लिहिलेले असे, आडत्याच्या कीर्दीत त्याच्या मालाचे वजन आणि भाव असत, जमीनमहसुलाच्या दप्तरात त्याचा सारा नोंदलेला असे. त्याच्या व्यवहाराची प्रत्येक बाजू कोणी ना कोणी टिपून ठेवीत असे, आणि ते कोणी बहुधा तो स्वतः नसे. वाद निर्माण झाला की ज्याच्याजवळ वही, त्याचाच शब्द खरा ठरे. लहान शेतीव्यवसायाने जमाखर्चासाठी कोणती संगणकीय आज्ञावली, म्हणजेच सर्वत्र ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात ती, निवडावी या प्रश्नाचा विचार करताना हा इतिहास ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. वरवर हा प्रश्न यंत्राचा दिसतो. परंतु मुळात तो वही कोणाच्या हाती राहावी याचा आहे.

हिशेबाचे शास्त्र भारताला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हिशेबाच्या कचेरीवर स्वतंत्र अध्याय असून वर्षाचे हिशेब आषाढात सादर करावेत असा दंडक त्यात घातलेला आहे. रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज यांची देशी पद्धतीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. युरोपात दुहेरी नोंदीच्या पद्धतीचे विवेचन लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापून प्रसिद्ध केले. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एका खात्यावर जे जमा होते ते दुसऱ्या कोणत्या तरी खात्यावर नावे पडलेच पाहिजे, हे या पद्धतीचे सार होय. संगणकाने हे सार बदललेले नाही. कीर्दीतून खतावणीत नोंद उतरविण्याचे आणि बेरजा जुळविण्याचे श्रम तेवढे त्याने वाचविले.

बंगळुरू येथे १९८६ साली श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी जो उपक्रम आरंभिला, त्यातून टॅली ही आज्ञावली उदयास आली आणि देशातील लहानमोठ्या पेढ्यांत ती रूढ झाली. परंतु अशा बहुतेक आज्ञावल्या व्यापाऱ्याचा व्यवहार डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या असतात. व्यापारी आज माल घेतो आणि उद्या विकतो. शेतकरी आज बी पेरतो आणि काही महिन्यांनी, फळबाग असेल तर काही वर्षांनी, त्याचे फळ घेतो. या एका भेदातून निवडीचे बहुतेक सारे प्रश्न उद्भवतात.

त्यातला पहिला प्रश्न वर्षाचा आहे. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चअखेर संपते. शेतीचे वर्ष मात्र जुलै ते जून असे मानले जाते. पंजाबातील गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या सुमारास होते आणि कापणी एप्रिलमध्ये. बियाणे, खत, पाणी आणि मजुरी यांचा बहुतेक खर्च एका आर्थिक वर्षात पडतो आणि विक्री दुसऱ्या वर्षात जाते. हिशेब केवळ रोख रकमेचा असेल, तर पहिल्या वर्षी तोटा आणि दुसऱ्या वर्षी फुगलेला नफा दिसेल, आणि दोन्ही आकडे दिशाभूल करतील.

बिहारमधील मुझफ्फरपूर परिसरातील लिचीच्या बागेचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. या परिसरातील शाही लिचीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. झाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहरतात, फळ मे-जूनमध्ये उतरते, आणि मोहर पाहूनच बाग व्यापाऱ्याला देण्याची प्रथा तेथे आहे. समजा, एका कुटुंबाने मार्चमध्ये आपली बाग २,००,००० रुपयांना ठरविली आणि ६०,००० रुपये विसार घेतला; उरलेली रक्कम जूनमध्ये मिळावयाची आहे. जुलैपासून मार्चपर्यंत खत, पाणी आणि फवारणी यांवर ५०,००० रुपये खर्च झाले, आणि एप्रिल-मे या दोन महिन्यांत आणखी २०,००० रुपये व्हावयाचे आहेत. साधी रोखवही ३१ मार्च रोजी १०,००० रुपये शिल्लक दाखवील आणि कुटुंब त्यालाच नफा समजेल. वास्तविक त्या दिवशी एक फळही दिलेले नाही. विसाराचे ६०,००० रुपये ही कमाई नसून व्यापाऱ्याचे देणे आहे. मे महिन्यात गारपीट झाली आणि करारानुसार विसार परत करण्याची वेळ आली, तर ही चूक किती महागात पडेल हे सांगावयास नको.

म्हणून आज्ञावली पाहताना पहिली कसोटी ही लावावी की, आगाऊ आलेली रक्कम तिच्यात उत्पन्नापासून वेगळी, देणे म्हणून, दाखविता येते काय. दुसरी कसोटी अशी की, प्रत्येक खर्चावर त्या त्या पिकाचे आणि हंगामाचे नाव घालून आर्थिक वर्षाच्या सीमेपलीकडेही त्याची एकत्र बेरीज मिळते काय. व्यापारी आज्ञावल्यांत यासाठी बहुधा खर्चकेंद्राची सोय असते. ‘लिची, २०२५-२६’ असे एक केंद्र उघडले की जुलै ते जून हा बागेचा खरा हिशेब हाती येतो : उत्पन्न २,००,०००, रोख खर्च ७०,००० आणि शिल्लक १,३०,००० रुपये.

परंतु ही शिल्लकही अंतिम नव्हे. या कुटुंबातील माणसे वर्षभरात मिळून ८० दिवस बागेत राबली असतील आणि गावातील मजुरीचा दर ४०० रुपये असेल, तर ३२,००० रुपयांचे श्रम वहीत कोठेच आलेले नाहीत. पंपाचा वार्षिक घसारा ८,००० रुपये धरला, तर १,३०,००० रुपयांपैकी प्रत्यक्षात ९०,००० रुपयेच उरतात. १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग स्थापन झाला आणि १९८५ मध्ये त्याचे नाव कृषी खर्च व मूल्य आयोग असे झाले. हा आयोग पिकाचा उत्पादनखर्च काढताना प्रत्यक्ष दिलेल्या खर्चात कुटुंबाच्या श्रमाचे मोल मिळवितो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरून त्याहून व्यापक असा आणखी एक खर्चही तो मांडतो. राष्ट्रीय धोरणात ज्या श्रमाला किंमत आहे, त्याला घरच्या वहीत स्थान नसावे ही विसंगती होय. आज्ञावली ही नोंद आपणहून करणार नाही, कारण कोणालाही पैसे दिलेले नसतात. कराच्या हिशेबात घरच्या श्रमाचा असा अंदाजी खर्च दाखवावयाचाही नसतो. तेव्हा कामाच्या दिवसांची एक साधी जोडनोंद ठेवावी आणि तिचा मेळ पिकाच्या हिशेबाशी वर्षातून एकदा घालावा. घरातील स्त्रियांच्या श्रमाची गणना अनेकदा या एका नोंदीतूनच प्रथम होते.

यानंतर कराचा विचार येतो. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे. तथापि शेतीशी निगडित असलेले प्रत्येक उत्पन्न शेतीउत्पन्न नसते. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न शेतीउत्पन्न गणले जाते. दुधाचा किंवा कोंबड्यांचा धंदा सामान्यतः त्यात मोडत नाही. स्वतःच्या मळ्यातील पानांपासून चहा तयार करून विकणाऱ्यासाठी १९६२ च्या प्राप्तिकर नियमांनी उत्पन्नाचा ४० टक्के भाग करपात्र व्यवसायाचा आणि ६० टक्के भाग शेतीचा असे गणित घालून दिले. त्याच नियमांनुसार स्वतःच्या शेतातील माल स्वतःच्याच कारखान्यात वापरला, तर त्याची बाजारभावाने येणारी किंमत व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा होत असे. लिचीचे सरबत करून विकणाऱ्या कुटुंबालाही हे तत्त्व उपयोगी आहे. बागेने फळ सरबताच्या उद्योगाला बाजारभावाने ‘विकले’ अशी अंतर्गत नोंद केली, म्हणजे नफा बागेतून आला की सरबतातून हे कळते. वस्तू व सेवा कराच्या कायद्याने स्वतःच्या मशागतीतून निघालेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीतून सूट दिली आहे. ती सूट व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांच्यापुरती आहे. सरबताला अथवा शेतकऱ्यांनी स्थापिलेल्या कंपनीला ती लागू होत नाही. यासाठी एकाच आज्ञावलीत बाग, गोठा आणि प्रक्रिया यांची खाती वेगळी ठेवता आली पाहिजेत.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून पीककर्ज उचलणे व फेडणे हा अनेक घरांचा नित्याचा व्यवहार झाला. उचललेले कर्ज हे उत्पन्न नव्हे आणि मुद्दलाची परतफेड हा खर्च नव्हे. खर्च असतो तो व्याजाचा. ज्या आज्ञावलीत केवळ ‘आले’ आणि ‘गेले’ असे दोनच रकाने असतात, तिच्यात हा भेद दिसत नाही. दूरध्वनीसंचावरील उधारीच्या सोप्या वह्या देण्याघेण्याची आठवण ठेवण्यास ठीक आहेत. ताळेबंदाचे काम त्यांच्याने होत नाही.

अनेक शेतकऱ्यांनी मिळून स्थापिलेल्या उत्पादक कंपनीची गोष्ट आणखी वेगळी आहे. २००२ च्या दुरुस्ती कायद्याने अशा कंपन्यांचा मार्ग खुला झाला; किमान दहा उत्पादक व्यक्ती एकत्र येऊन ती स्थापू शकतात. अशा दहा हजार उत्पादक संघटना उभारण्याची योजना केंद्र शासनाने २०२० मध्ये हाती घेतली. या कंपनीत सभासदाला माल दिल्याबरोबर पूर्ण किंमत मिळेलच असे नाही. संचालक मंडळ किमतीचा काही भाग राखून ठेवू शकते आणि तो नंतर देऊ शकते. वर्षाच्या शेवटी सभासदाने कंपनीशी जितका व्यवहार केला असेल, त्या प्रमाणात त्याला बोनसही देता येतो. या दोन्ही तरतुदी न्याय्य आहेत. पण प्रत्येक सभासदाचा माल, वजन, प्रत, दिलेली रक्कम आणि राखलेली रक्कम यांची स्वतंत्र नोंद असेल, तरच. एकूण खरेदीचा एकच मोठा आकडा दाखविणारी आज्ञावली कितीही प्रसिद्ध असली तरी या कंपनीच्या उपयोगाची नाही. सभासदाने आपले नाव सांगावे आणि क्षणात त्याचा उतारा त्याच्या भाषेत त्याच्या हाती पडावा, ही येथे खरी कसोटी होय. आडत्याच्या बहीवर रुसून आलेला शेतकरी आपल्याच कंपनीच्या बहीवर विश्वास ठेवील तो यामुळेच.

कंपनीवर कायद्याची काही बंधने आहेत. तिचे हिशेब दुहेरी नोंदीचे आणि उपार्जन पद्धतीचे, म्हणजे येणे-देणे धरून ठेवलेले, असावे लागतात आणि निदान आठ आर्थिक वर्षे जतन करावे लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीने वापरलेल्या आज्ञावलीत प्रत्येक दुरुस्तीचा माग, तिच्या तारखेसह, आपोआप नोंदला जाणे आणि ती सोय बंद करता न येणे बंधनकारक झाले. जुन्या कीर्दीत खाडाखोड केली तर शाईची रेघ दिसत असे. संगणकात मागमूस न ठेवता आकडा बदलणे शक्य होते, ते या नियमाने रोखले. ही बंधने एकट्या शेतकरी कुटुंबावर नाहीत. तरी दुरुस्तीचा माग ही सोय भागीदारीत किंवा भावाभावांच्या सामाईक शेतीत कलह टाळणारी ठरते.

किमतीचा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, पण त्याचा विचार शेवटी करणे इष्ट. काही आज्ञावल्या एकदाच विकत घ्याव्या लागतात, तर काहींचे भाडे दरवर्षी द्यावे लागते. ग्नूकॅशसारखी आज्ञावली विनामूल्य आहे आणि दुहेरी नोंदीची आहे. कुटुंबाच्या शेतीला ती पुरेशी होऊ शकते. मुंबईतील फ्रॅपे या संस्थेची ईआरपीनेक्स्ट ही मुक्त स्रोताची आज्ञावली अधिक विस्तृत असून ती चालविण्यास जाणकार माणूस लागतो. विनामूल्य वस्तूलाही शिकण्याचे मोल द्यावे लागते, आणि भाड्याच्या आज्ञावलीचे भाडे थकले की आपल्याच नोंदी आपल्याला दिसेनाशा होण्याचा संभव असतो. म्हणून विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : उद्या आज्ञावली सोडावयाची झाल्यास सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतील काय? या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नसेल, तर तो सौदा स्वस्तातही करू नये.

संगणकीकरणाचा ओघ आता गावापर्यंत पोहोचला आहे. जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. सोसायटीचा हिशेब, बँकेचा हिशेब, बाजार समितीची पट्टी ही सारी यंत्रावर जात असता शेतकऱ्याची बाजू तेवढी स्मरणावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे.

तेव्हा निवडीचा क्रम असा असावा. प्रथम एक संपूर्ण हंगाम कागदाच्या वहीवर लिहून काढावा. त्यातून आपल्या व्यवहाराचे प्रकार कळतात. नंतर दोन-तीन आज्ञावल्यांत त्याच हंगामाच्या नोंदी भरून पाहाव्यात आणि विसार, पीककर्ज, घरी वापरलेला माल व पिकवार खर्च या चार गोष्टी नीट बसतात काय हे तपासावे. ज्याला हिशेब तपासावयाचा आहे त्या सनदी लेखापालाचे मत घ्यावे. मात्र जो दररोज नोंद करणार, त्या घरातील मुलाला किंवा सुनेला ती सुलभ वाटते काय हे अधिक महत्त्वाचे मानावे. शेवटी, नोंदींची एक प्रत नेहमी दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. यंत्र बिघडते, विक्रेता धंदा बदलतो, आज्ञावल्या येतात आणि जातात. बाजारात, बँकेत किंवा भावकीत प्रश्न उपस्थित झाला तर शेतकऱ्याला आपली वही उघडून दाखविता यावी, एवढे साधले म्हणजे निवड योग्य झाली असे समजावे.