छावणी मोडा, बाजार उघडा



अभिनंदन. आज प्रत्येक वक्ता ते करणार आहे, तेव्हा माझा वाटा एका शब्दात उरकतो. पदवीनंतर काय करावं याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. पुनर्वसनाच्या कामात उमर गेलेल्या माणसाला बोलायला उभं केलं की तो उपदेश कमी करतो आणि गाऱ्हाणी जास्त मांडतो, हे तुमच्या प्राचार्यांना ठाऊक असावं. तरीही त्यांनी बोलावलं, त्याचे परिणाम तासभर भोगावे लागतील.

माझं पहिलं गाऱ्हाणं आपल्या धंद्याबद्दलच आहे. समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थांमध्ये निर्वासितांचा विषय निघाला की धडा जिनिव्हापासून सुरू होतो. १९५१चा करार, १९६७चा जोडकरार, संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय, झालंच तर एखादा नकाशा. भारताने त्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, एवढं वाक्य टिपून घ्यायचं आणि परीक्षेला जायचं. पण सही नसलेल्या याच देशाने गेल्या शतकात लाखो उखडलेली माणसं सामावून घेतली, काही ठिकाणी उत्तम रीतीने आणि काही ठिकाणी लाज वाटावी अशा रीतीने. कुठे काय जमलं आणि का जमलं, याचा हिशेब मराठीत किंवा कन्नडमध्ये कोणी नीट मांडून ठेवलेला नाही. आपल्या अहवालांत घोंगड्या मोजलेल्या असतात, भांड्यांचे संच मोजलेले असतात, वाटपाचे फोटो चिकटवलेले असतात. घोंगडी घेणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यात गावात कोणी काम दिलं का, हा रकाना त्या तक्त्यात नसतो. तो रकाना का हवा, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला आधी कोल्हापूरला घेऊन जातो.

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ साली तिथे पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी उभी राहिली. सोव्हिएत राजवटीने १९४० आणि १९४१मध्ये पोलंडच्या पूर्व भागातून जी कुटुंबं सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलली होती, त्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. वळिवड्याला आलेली माणसं जवळपास पाच हजार होती, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. लांबच लांब बराकी, त्यात प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या, चर्च, शाळा, दवाखाना, नाटकं करायला रंगमंच. युद्धाच्या टंचाईच्या काळात एवढं मिळणं थोडं नव्हतं आणि त्या माणसांनी कोल्हापूरचं नाव आयुष्यभर कृतज्ञतेने घेतलं. शहरातल्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. युद्ध संपलं आणि १९४७-४८मध्ये छावणी रिकामी झाली. माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड अशी पांगली. मोजक्या मुलींनी इथल्या तरुणांशी लग्न करून इथेच संसार मांडले, एवढ्याच काय त्या कोल्हापुरात मुरल्या. आता पुढचं ऐका. त्याच बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं. छप्पर तेच, भिंती त्याच, विहिरीही त्याच. आज त्या जागेचं नाव गांधीनगर आहे आणि दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातल्या दुकानदारांना ते कापडाच्या घाऊक बाजारासाठी माहीत आहे. लग्नसराईच्या आधी गांधीनगरच्या गल्ल्यांत शिरा, साड्यांचे गठ्ठे हातगाडीवरून जाताना रस्ता मिळत नाही, आणि काउंटरवर बसलेला सिंधी व्यापारी गिऱ्हाईकाशी अस्सल कोल्हापुरी मराठीत घासाघीस करत असतो.

एकाच बराकीत दोन समाज राहिले, एक पाहुणा म्हणून निघून गेला आणि दुसरा शेजारी झाला. या फरकाचं श्रेय कोणी सिंधी माणसाच्या व्यापारी बुद्धीला देईल. मला ते पटत नाही, निदान पुरेसं वाटत नाही. पोलिश बायकांच्या हातातही कसब होतं, शिवण होतं, भरतकाम होतं. पण त्यांची सगळी व्यवस्था त्यांना एक दिवस परत जायचंच आहे, हे धरून केलेली होती. शाळा त्यांची, अभ्यासक्रम त्यांचा, खर्च भागवणारे वेगळे. कोल्हापूरच्या पेठेत दुकान टाकण्याची त्यांना ना गरज पडली ना कोणी वाट दाखवली. सिंध्यांना परत जायला गावच उरलं नव्हतं. त्यांना व्यापार करायची मुभा होती आणि गिऱ्हाईक दारात होतं. कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीतही हेच घडलं. तिथे लाखाच्या आसपास सिंधी माणसं उतरली, १९४९मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं आणि पुढे तिथल्या कारखान्यांनी असा काही माल काढला की ‘मेड इन यूएसए’ (म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) या शिक्क्यावर मुंबईकरांनी पन्नास वर्षं विनोद केले. विनोद करायला का होईना, ओळख झाली होती.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सिंधी माणसाला या देशाचं नागरिकत्व मिळालं, पोलिश माणसाला नाही. मग तुलना कशी करता? आक्षेप मला मान्य आहे आणि म्हणूनच तिसरं उदाहरण देतो, जिथे नागरिकत्व नव्हतं. तिबेटी लोक १९५९नंतर आले, तेव्हा त्यांतल्या हजारोंना हिमालयात रस्ते फोडायच्या कामावर लावलं होतं. तेव्हाच्या म्हैसूर सरकारने म्हैसूर जिल्ह्यात बैलकुप्पेला सुमारे ३,००० एकर जंगलजमीन दिली आणि तिथे वसाहत उभी राहिली. पुढे मुंडगोड, हुणसूर आणि कोळ्ळेगाल इथेही वसाहती झाल्या. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावाजवळ १९७२मध्ये अशीच वसाहत झाली. ही माणसं आजही बहुतांशी परदेशी म्हणूनच नोंदलेली आहेत. तरी बैलकुप्पेच्या आसपासच्या कन्नड खेड्यांतली माणसं तिबेट्यांच्या मक्याच्या शेतात कामाला जातात, त्यांच्या सहकारी सोसायटीशी व्यवहार करतात, आणि हिवाळा आला की आपल्या शहरांतून तिबेटी स्वेटरवाल्यांच्या रांगा लागतात. म्हणजे नागरिकत्वाने काम सोपं होतं हे खरं, पण ते नसतानाही जमीन, सोसायटी आणि बाजार या तीन गोष्टींनी बरंच साधतं. जमिनीवरून तिथे स्थानिकांच्या तक्रारी झाल्या, आजही होतात. पण त्या बांधावरच्या शेजाऱ्यांमध्ये होतात तशा.

आता आपल्या मातीकडे येऊ, कारण बिदर जिल्ह्यातल्या मंठाळमध्ये उभं राहून निर्वासित म्हणजे कोणी दूरदेशचा माणूस, असं बोलणं बरोबर नाही. १९४७-४८मध्ये हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांचा धुमाकूळ वाढला तेव्हा बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद जिल्ह्यांतली कुटुंबं बैलगाडीतून, पायी, रात्रीच्या वेळी सोलापूर-बार्शीच्या दिशेने सरहद्दीपार गेली. मे १९४८मध्ये इथून जवळच गोरट्याला हत्याकांड झालं, त्यानंतर तर गावंच्या गावं हलली. हैदराबाद स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर जे कॅम्प चालवले त्यांच्या इतिहासात बंदुका आहेत, हल्ले आहेत, फितुरी आहे. त्या कॅम्पांच्या मागे जी माणसं भाकऱ्या थापत होती, ज्या सोलापूरकरांनी ओसरी रिकामी करून दिली, त्यांच्यावर दोन ओळींपेक्षा जास्त सापडत नाहीत. मुक्तिसंग्रामावर लिहिणाऱ्या माझ्या पिढीच्या लेखकांवर माझा राग आहे तो यासाठी.

आणि अर्धीच गोष्ट सांगून थांबणं हा दुसरा दोष, जो आपल्याकडे सर्रास होतो. १९४८च्या १३ सप्टेंबरला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून भारतीय फौजा आत शिरल्या, १७ला निजाम शरण आला, आणि मग वारं फिरलं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती दिल्लीहून आली आणि तिने त्याच वर्षाच्या शेवटी गावोगाव फिरून चौकशी केली. त्यांच्या अहवालात अगदी सावध अंदाजानेही २७ ते ४० हजार माणसं पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मारली गेली असं म्हटलं आहे, त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वांत जास्त होरपळलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावं आहेत. या वेळी हैदराबाद शहराकडे पळणारी माणसं दुसऱ्या धर्माची होती, गावं तीच होती. हा अहवाल कित्येक दशकं सरकारी कपाटात पडून राहिला. त्यात एक नोंद आहे, जी मला संपूर्ण अहवालात सर्वांत मोलाची वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, आणि त्यापायी काहींनी स्वतःचे प्राणही गमावले. समितीने सांगितलेलं नातं तुमच्या ध्यानात आलं असेल. जो माणूस रोज शेजारच्या मागावर बसतो, एकाच सावकाराकडून सूत उचलतो, एकाच बाजारात पासोडी विकतो, त्याला परका ठरवणं जमावालाही जड गेलं. भाषणांनी, शांतता समित्यांनी जे झालं नाही ते एका धंद्याच्या सोबतीने झालं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा भार मी या एका नोंदीवर टाकायला तयार आहे.

इथे कोणी म्हणेल की आपलंच पोट रिकामं, दुसऱ्याला काय वाढायचं? बिदर-कलबुर्गीची माणसं उसाच्या फडावर, पुण्याच्या बांधकामावर, हैदराबादच्या हॉटेलांत राबायला जातात, मग बाहेरच्याला इथे काम कुठून आणणार? हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण मंठाळवर उद्या हजार अफगाण येऊन पडणार नाहीत. तुमच्यातलेच निम्मे पुढच्या वर्षी पुण्यात किंवा हैदराबादेत असतील, आणि प्रश्न तिथे तुमच्यापुढे उभा राहील. हैदराबादेत बाळापूरच्या बाजूला रोहिंग्या कुटुंबं राहतात, ती भंगार वेचतात, मजुरी करतात. २०२१च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा पुण्यात शिकणारे अफगाण विद्यार्थी खोलीभाडं कसं भरायचं या विवंचनेत अडकले. या माणसांची मजुरी कमी असेल तर तिथल्या कन्नड-मराठी मजुराचीही मजुरी पडते, हे खरं आहे. ती पडते कारण नोंद नसलेला माणूस मुकादमाला भाव विचारू शकत नाही. त्याला हाकलून मजुरी वाढत नाही, मुकादम दुसरा अडलेला माणूस शोधतो. दोघांना एकच दर मिळावा म्हणून भांडणं हे स्थानिक मजुराच्याच हिताचं आहे, आणि ते भांडण मजूर संघटनांनी करायला हवं होतं. त्यांनी केलेलं नाही, हेही एक गाऱ्हाणं.

सुरक्षिततेचा आक्षेप यापेक्षा जोरदार असतो. कागद नसलेला माणूस कोण, कुठला, कशावरून? पोलिसांनी चौकशी करू नये असं मी कधीच म्हणणार नाही. परदेशी माणूस घरात ठेवला तर चोवीस तासांत ठरलेला फॉर्म भरून कळवावं लागतं, तो नियम पाळायलाच हवा. पण घरमालकांचा अनुभव असा की हा फॉर्म भरला की हवालदाराच्या फेऱ्या सुरू होतात, म्हणून घर न देणं किंवा देऊन न कळवणं सोपं पडतं. मग जी माणसं नोंदीत असायला हवीत तीच अंधारात जातात. ज्याचा फॉर्म भरलाय, ज्याची पोरं शाळेत आहेत, ज्याला कोपऱ्यावरचा किराणावाला ओळखतो, त्याच्याबद्दल पोलिसांना जास्त माहिती असते. आणि कायदा अगदीच मुका नाही. १९९६मध्ये चकमा लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संविधानाच्या २१व्या कलमातलं जीविताचं संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १४व्या कलमानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. हे दोन संदर्भ पाठ असले तरी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर बरंच काम होतं. तिथे टीसी मागतात, आधार मागतात, संगणकात नंबर पडत नाही म्हणतात, आणि पोरगं दारातच उभं असतं. त्या टेबलासमोर जाऊन चिकाटीने बसणारा कोणी लागतो.

भाषेचं म्हणाल तर बाकीच्यांपेक्षा तुम्ही सरस आहात. इथल्या बाजारात मराठीत भाव विचारायचा, कन्नडमध्ये कमी करायचा आणि दखनीत पैसे द्यायचे, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. परक्याला वाव देणं आणि परका म्हणून संपवणं, दोन्ही इथे जुनं आहे. महमूद गावान इराणच्या गीलानमधून दाभोळमार्गे बिदरला आला, परका असून बहामनींचा वजीर झाला, १४७२मध्ये त्याने मदरसा बांधला, आणि इथले दखनी विरुद्ध बाहेरून आलेले आफाकी या दरबारी भांडणात खोट्या पत्रावरून १४८१मध्ये त्याचं मुंडकं उडवलं गेलं. मदरशाचे फोटो आपण पर्यटन पुस्तिकेवर छापतो, पत्राची गोष्ट छापत नाही. बहामनी राज्य त्यानंतर फार दिवस टिकलं नाही. अर्थात वजिराची गोष्ट मजुराला लागू करू नये, हे मलाही कळतं. पण बिदरचं नाव निघालं की गावान आठवल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा माझा आग्रह एकच आहे आणि तो मी पुन्हा पुन्हा सांगणार. उद्या तुमच्यापैकी कोणी तहसीलदार होईल, कोणी संस्थेत जाईल, कोणी नगरपालिकेत. पूर असो, दुष्काळ असो, दंगल असो की सीमेपलीकडचं युद्ध, उखडलेली माणसं समोर आली की पहिला विचार छावणीचा येईल, कारण छावणी दाखवता येते, तिला देणगी मिळते, मंत्र्याला भेट देता येते. छावणी लागेलच, पण ती मोडायची तारीख उभारतानाच ठरवा. पहिल्या आठवड्यात गावच्या बाजाराच्या दिवशी त्यांना बसायला जागा द्या. त्यांच्या पोरांसाठी वेगळी शाळा काढू नका, गावच्या शाळेत एक शिक्षक वाढवून घ्या. त्यांच्यासाठी जो नळ आणाल तो शेजारच्या वस्तीलाही जोडा, म्हणजे निम्मी कुरकुर तिथेच संपते. आणि धर्म, प्रांत बघून दार उघडायची सवय तुमच्या कार्यालयात असेल, तर १९४८ची ती दोन्ही पानं आधी वाचा.

ती पानं अजून पूर्ण लिहिलेलीही नाहीत. तेव्हा दहा वर्षांची असलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. या तालुक्यातून सोलापूरकडे कोण गेलं, हैदराबादकडे कोण गेलं, वाटेत कोणी भाकरी दिली आणि परत आल्यावर कोणाचं घर शाबूत होतं, हे त्यांच्याकडून नावानिशी उतरवून घ्या, दोन्ही बाजूंचं, एकाच वहीत. महाविद्यालयाने त्यासाठी दोन विद्यार्थी आणि एक रेकॉर्डर दिला तरी सुरुवात होईल.