तात्पर्य घरी ठेवून या



अध्यक्षाने आभार मानावेत, जेवणाच्या व्यवस्थेचे कौतुक करावे, समन्वयाचे चार शब्द बोलावेत आणि खाली बसावे, असा रिवाज आहे. आभार मनापासून मानतो. समन्वय मात्र मला जमणार नाही. ‘श्रद्धा आणि आजचे दृष्टांत’ हा आपला विषय, आणि सकाळपासून या मंचावर जे दृष्टांत सांगितले गेले त्यांतल्या बहुतेकांशी माझे भांडण आहे.

न्हाव्याची गोष्टच घ्या. दाढी करता करता न्हावी म्हणतो, देव असता तर जगात एवढे दुःख नसते. गिऱ्हाईक बाहेर जाते, केस वाढलेला एक माणूस बघते आणि परत येऊन सांगते, जगात न्हावीच नाहीत. न्हावी चिडतो, मी आहे की! तो माझ्याकडे आला नाही, त्याला मी काय करू? झाले, देव सिद्ध झाला. मोबाइलवर फिरून गुळगुळीत झालेली ही गोष्ट आज इथेही टाळ्या घेऊन गेली.

माझा प्रश्न एवढाच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेत गाडली गेली. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन करून लोक घरी परतले होते. ती माणसे देवाकडे गेली नव्हती काय? गोष्टीतल्या न्हाव्याला हे विचारता येत नाही, कारण सांगणाऱ्याने त्याला हरण्यापुरताच उभा केला आहे. ज्या गोष्टीत प्रतिपक्षाला तोंडच उघडू द्यायचे नाही असे आधी ठरलेले असते, तिला मी दृष्टांत म्हणायला तयार नाही. ती प्रचारपत्रक आहे.

आपली परंपरा एवढी भित्री नव्हती. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. त्यात आधी सूत्र येते, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा अर्थ. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे. गुरूची गोष्ट कुठे संपली आणि शिष्याचा अर्थ कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याला लख्ख दिसते. आजचे प्रवचनकार ही रेघ पुसून टाकतात आणि स्वतःचे मत देवाच्या तोंडी घालून मोकळे होतात. तेच केसोबास संस्कृतात लिहायला निघाले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. त्याने आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील म्हणाले. त्या म्हाताऱ्यांना तत्त्वज्ञान कळेल यावर त्यांचा विश्वास होता. आपला आजच्या श्रोत्यावर तेवढाही विश्वास नाही. म्हणून तात्पर्य कालवून, घास करून त्याच्या तोंडात घालतो.

येशूची उधळ्या पुत्राची गोष्टही नीट वाचा. धाकटा परत येतो, घरात मेजवानी सुरू होते, आणि थोरला रुसून बाहेर उभा राहतो. बाप त्याची समजूत घालतो. पुढे थोरला आत गेला का? येशू सांगत नाही. पापी लोकांबरोबर हा जेवतो म्हणून कुरकुरणारे सोवळे थोरले समोरच बसले होते. आत जायचे की नाही, हे त्यांनी ठरवायचे होते.

आता विवेकवादी मित्रांकडे वळतो. तेही सुटणार नाहीत. गोष्टी भाविकांनी सांगाव्यात, आम्ही युक्तिवाद करू, अशी त्यांची ऐट असते. पण विसाव्या शतकात देवाविरुद्ध झालेला एक अत्यंत धारदार हल्ला गोष्टीतूनच झाला. १९५०मध्ये अँटनी फ्ल्यू यांनी जॉन विस्डम यांची माळ्याची कथा घेऊन तिला नवी धार लावली. जंगलातल्या मोकळ्या जागेत फुले दिसतात. दोन प्रवाशांपैकी एक म्हणतो, इथे माळी येतो. पहारा ठेवतात, विजेचे कुंपण घालतात, कुत्रे सोडतात. माळी काही सापडत नाही. तरी पहिला म्हणतो, माळी आहे, पण अदृश्य आहे, त्याला वास नाही, स्पर्श नाही. तेव्हा दुसरा विचारतो, मग असा माळी आणि मुळात नसलेला माळी यांत फरक काय उरला?

याला बेझिल मिचेल या श्रद्धावान तत्त्वज्ञाने गोष्टीनेच उत्तर दिले. शत्रूने व्यापलेल्या देशातल्या एका क्रांतिकारकाला एका रात्री एक अनोळखी माणूस भेटतो. मी तुमच्याच बाजूचा आहे, काही झाले तरी विश्वास ठेव, म्हणतो. पुढे तो कधी मदत करताना दिसतो, कधी शत्रूच्या पोलिसांच्या गणवेशात साथीदारांना पकडून देताना. क्रांतिकारक तरीही म्हणतो, तो आपलाच आहे. पण पुरावा विरुद्ध जातो आहे हे त्याला दिसते आणि ते त्याला छळते. न्हाव्याच्या गोष्टीतल्या गिऱ्हाइकाला काहीच छळत नाही. मला त्या छळाबद्दल आदर आहे.

मराठीत अशी गोष्ट रचण्याचे बळ कुणात होते? जी. ए. कुलकर्णींत. १९७७च्या ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ काढा. मठाला स्वामी हवा असतो, म्हणून एका वाटसरूला पकडून कोठडीत बंद करतात. त्याला कशाचीही ददात पडू देत नाहीत, फक्त सुटका नाही. मठ आणि देवस्थाने यांच्यावर आपण लिहिलेल्या शेकडो लेखांपेक्षा ती एक कथा जास्त बोलते. आपण मात्र जी.एं.ना गूढ म्हणून नमस्कार करतो आणि श्रद्धेचा सगळा इलाखा प्रवचनकारांना आंदण देतो. भावना दुखावतील ही सबब आहे. खरे तर आपल्याला काही सुचत नाही.

निदान मी एक प्रयत्न करतो. एका देवस्थानाने मूर्तीचा विमा उतरवला. मूर्ती चोरीला गेली. कंपनीने दावा मंजूर केला, विश्वस्तांनी नवी, अधिक देखणी मूर्ती बसवली, रांगा दुप्पट झाल्या. वर्षभराने चोर पकडला गेला. पोलिसांनी विश्वस्तांना ठाण्यात बोलावून जुनी मूर्ती पुढे ठेवली आणि ओळख पटवायला सांगितले. ओळखली तर विम्याची रक्कम परत करावी लागणार होती. विश्वस्तांनी मूर्तीकडे नीट पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि जबाब लिहून दिला, ‘हा आमचा देव नाही.’

तात्पर्य सांगणार नाही. इथे बसलेल्या विश्वस्तांना राग आला असेल तर चहाच्या वेळी जरूर भांडा.

आयोजकांना माझी एकच सूचना आहे आणि ती ठराव म्हणून नोंदवून घ्यावी. पुढल्या वर्षी या मंचावर येणाऱ्या प्रत्येकाने स्वतः रचलेला दृष्टांत आणावा, आणि त्यात सांगणाऱ्याचा स्वतःचा पक्ष हरण्याची शक्यता असावी. कीर्तनकाराने देवाला अडचणीत आणणारी गोष्ट सांगावी, नास्तिकाने नास्तिकतेला. ज्याला हे जमणार नाही त्याने खुशाल श्रोत्यांत बसावे. ठरावाला विरोध असलेल्यांनी आत्ताच हात वर करावेत.