अडलेला खांदा



‘बाई अडली’, म्हणजे बाळंतपण मध्येच अडलं, हे शब्द हिंजवडीतल्या जुन्या घरांनी ऐकलेले आहेत. आयटी पार्कमुळे इथे आलेल्या तरुण जोडप्यांना ते कदाचित ठाऊक नसतील. मी आज अडलेल्या खांद्याबद्दल बोलणार आहे, कारण प्रसूतितज्ज्ञ म्हणून मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटत आली आहे.

बाळाचं डोकं बाहेर येतं. खोलीतले सगळे सुस्कारा सोडतात, आणि कासवाने मान आत घ्यावी तसं ते डोकं मागे ओढलं जातं. पुढचा खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकलेला असतो. हातात जेमतेम चार-पाच मिनिटं असतात. घाबरलेल्या हाताला एकच सुचतं, डोकं धरून ओढावं. इथेच घात होतो. मान आणि खांदा एकमेकांपासून लांब गेले, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच नसांचं जाळं ताणलं जातं, कधी तुटतं. हात लुळा लोंबतो, तळवा मागे वळतो. विल्हेल्म अर्ब या जर्मन डॉक्टरांनी 1874 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून ही ‘अर्बची पाल्सी’. हजार बाळांमागे साधारण एक-दोघांना अशी इजा होते. बरीचशी बाळं बरी होतात, सगळी नाही.

अशा वेळी करायचं ते असं : मदतीला हाक मारायची, घड्याळ पाहायचं, आईचे गुडघे पोटाशी घ्यायचे, पुढच्या हाडाच्या वर तळव्याने दाब द्यायचा, जमलं नाही तर बाळाचा मागचा हात आधी काढायचा. पोटावर वरून जोर द्यायचा नाही; त्याने खांदा आणखी घट्ट बसतो.

आईला मधुमेह असेल, बाळ मोठं असेल, तर धोका वाढतो. म्हणून गरोदरपणात 75 ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी टाळू नका. तरीही खांदा अडणाऱ्या बाळांपैकी जवळजवळ निम्मी चार किलोच्या आतली असतात. ही इजा कधी सिझेरियनमध्येही होते. तेव्हा हात लुळा पडला म्हणजे डॉक्टर चुकलेच, असं मी म्हणणार नाही, आणि कायदाही म्हणत नाही.

कायदा विचारतो, हातांनी काय केलं? हा प्रश्न आपल्याच पुण्यातल्या एका खटल्याने ठळक केला. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता, माणसं लावून, जोराने पाय ओढून हाड बसवलं गेलं. मुलगा त्याच रात्री गेला. वडील स्वतः दौंडला डॉक्टर होते. ते कोर्टात गेले. जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये दिला आणि 3,000 रुपयांची भरपाई कायम केली. रक्कम लहान, तत्त्व मोठं : रुग्ण हाती घ्यावा का, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. 1995 च्या शांता खटल्याच्या निकालानंतर वैद्यकीय सेवेच्या तक्रारींसाठी ग्राहक न्यायालयाचं दार उघडलं. 1998 मध्ये उपचार घेणाऱ्या मुलाचे आईवडीलही ‘ग्राहक’ ठरले.

पण हातांनी काय केलं, हे कागदावरच नसेल तर? दोन वर्षांचं एक मूल माझ्याकडे आलं होतं. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर ‘नॉर्मल डिलिव्हरी’ एवढंच लिहिलेलं होतं. खांदा अडल्याचा उल्लेख नव्हता. कुठला खांदा, किती मिनिटं, काय केलं, काहीच नाही. हात वर जात नव्हता. आई मला फक्त विचारत होती, त्या दिवशी काय झालं? त्या कार्डावर चार ओळी असत्या, तर मुलावर वेळेत उपचार झाले असते, डॉक्टरलाही स्वतःचा बचाव करता आला असता. माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, घड्याळ पाहून लिहा.

आईवडिलांनो, केसपेपर मागणं म्हणजे भांडण नव्हे. मागितल्यावर 72 तासांत प्रत द्यावी असा नियम आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. पण बाळाच्या नसांची मुदत त्याहून कितीतरी आधी सरते. मालीश करणाऱ्या मावशींना तो लुळा हात ओढू देऊ नका. तिसरा महिना भरला आणि बाळ कोपर वाकवत नसेल, तर त्याच आठवड्यात नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.