ओटी तुंबली, कोठार मोकळें

घरांतील सर्वांचीं छायाचित्रें, कागदपत्रें आणि गाणीं एके ठिकाणीं ठेवण्यासाठीं हल्लीं पुष्कळ घरांत एक लहानसें यंत्र असतें. त्यास 'नॅस' म्हणतात. दोन-चार डिस्का पोटांत घेऊन तें कपाटाच्या कोपऱ्यांत रात्रंदिवस घुरघुरत असतें, आणि बिघडेपर्यंत त्याची कोणास आठवण होत नाहीं. एके दिवशीं मात्र गृहस्थ आपला परवलीचा शब्द देतो आणि यंत्र त्यास आंत घेत नाहीं. किंवा आंत घेतें, पण नवी आवृत्ति चढवूं देत नाहीं. जागा संपली, म्हणतें. कालच त्यानें पाहिलेलें असतें कीं, चार टेराबाईटांपैकीं निम्मी जागाही भरलेली नाहीं!

यंत्र खोटें बोलत नसतें. जुन्या वाड्यांत कारभार ओटीवर चाले आणि धान्य मागें कोठारांत असे. तशीच येथें वांटणी आहे. सिनॉलॉजीच्या यंत्रांत प्रत्येक डिस्कच्या आरंभीं एक लहान विभाग केवळ कारभारासाठीं राखलेला असतो, व त्याची तंतोतंत प्रत इतर डिस्कांवरही असते. कित्येक वर्षें तो अवघा २.४ गिगाबाईटांचा होता. नव्या यंत्रांत तो मोठा केला आहे. हा विभाग भरला, तर कोठारांतील जागा त्यास उपयोगी पडत नाहीं.

घात होतो तो येथेंच. जागा संपली म्हणून गृहस्थ छायाचित्रें पुसूं लागतो. मुलीचें बारसें गेलें, आजोबांची साठी गेली, तरी ओटीवर तिळभर जागा होत नाहीं! म्हणून प्रथम कांहींही पुसूं नये. वेबचा दरवाजा बंद झाला, तरी नेटवर्कवरील फाईलींची खिडकी पुष्कळदां उघडी असते. तिच्यांतून महत्त्वाचें तेवढें दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावें. डिस्का नव्यानें सिद्ध करण्याविषयीं यंत्रानें विचारलें, तर होकार देऊं नये.

पुढें एस्एस्एच्‌च्या वाटेनें आंत शिरावें लागतें. ती वाट यंत्र धड असतांनाच उघडून ठेवलेली बरी. 'डीएफ' ही आज्ञा कोणता विभाग किती भरला तें सांगते. 'डीयू' कोणत्या कप्प्यानें किती जागा व्यापली तें सांगते. 'डीयू'स 'एक्स' ही खूण जोडावी, नाहीं तर ती ओटी सोडून सगळें कोठार मोजीत बसते. बहुधा नोंदींचा कप्पा फुगलेला आढळतो. मोठी नोंदवही उचलून फेकण्यापेक्षां आंतून कोरी करावी. कारण एखादा कार्यक्रम ती उघडून बसला असेल, तर नांव पुसलें तरी तो थांबेपर्यंत जागा सुटत नाहीं. अनोळखी फाईलींस हात लावूं नये. त्यांतच यंत्राचा प्राण असूं शकतो.

परंतु कधीं कधीं एक चमत्कारिक प्रकार दिसतो. 'डीएफ' म्हणते विभाग शंभर टक्के भरला, आणि 'डीयू'ची बेरीज एक गिगाबाईटही होत नाहीं. अशा वेळीं बाहेरून जोडलेल्या यूएस्‌बी डिस्कवर संशय घ्यावा. रोज रात्रीं तिच्यावर प्रत उतरविण्याची व्यवस्था गृहस्थानें स्वतः लिहिलेली असते. कोणी तरी झाडलोट करतांना डिस्क काढतें. रात्रीं प्रतीचें काम नेहमींप्रमाणें सुरू होतें. डिस्क नाहीं हें त्यास कळत नाहीं. तें त्याच नांवाचा कप्पा ओटीवरच उघडतें आणि ओटी भरेपर्यंत भरत राहतें. सकाळीं डिस्क पुन्हां त्याच कप्प्यावर जोडली, कीं खालचा सर्व पसारा तिच्याखालीं झांकला जातो. तो तेथें असतो, पण दिसत नाहीं, जसें सतरंजीखालीं लोटलेलें केर.

यावर उपाय सोपा आहे. प्रतीचें काम थांबवावें, यूएस्‌बी डिस्क रीतसर सोडवावी आणि तो कप्पा पुन्हां उघडावा. आंत फाईली आढळल्या, तर त्यांची मूळ प्रत कोठारांत आहे ना, हें ताडून मगच पुसाव्या. 'डीएफ'चा आंकडा खालीं आला, कीं यंत्र एकदां बंद करून सुरू करावें. आवृत्ति त्यानंतर चढवावी. आणि रात्रींच्या त्या कामांत आरंभींच एक ओळ घालावी: डिस्क जोडलेली नसेल, तर कांहींही न लिहितां परत फिरावें.